तीनदा टकटक

बिटको चौकातून कॉलेज रोडला यायला पाऊण तास.
आल्याबरोबर मी पातेलं चढवते:
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, थोडं अगर,
तळाला लागू न देता ढवळत राहायचं.
गायधनी मॅडम म्हणतात, कुंदा,
तुझ्या हातच्या पिठल्यावर महिन्याला तीन पिढ्या जगतात.

घरी द्राक्षांच्या टोपलीवर घोंगावतं ते हेच चिलट.
हात झटकून आपण त्याला घालवतो.
इथे त्याला पत्ता आहे,
काचेची नळी, कापसाचं बूच, माझ्या अक्षरातली चिठ्ठी.
सात नंबर: कंपवाताच्या माश्या.
आठ नंबर: त्याच, पण पोटातले जिवाणू काढून टाकलेल्या,
अंड्यात असतानाच ब्लीचच्या पाण्यात धुतलेल्या.
नऊ नंबर: धुतलेल्याच, मग एकच जात परत दिलेली,
आंबट, ताकातल्यासारखी.

परीक्षा सोपी आहे.
नळी टेबलावर तीनदा आपटायची, टक टक टक,
सगळ्या तळाशी पडतात
आणि मग चढू लागतात. माशीला वरच जायचं असतं,
का, ते तिला कुणी शिकवलेलं नसतं.
दहा सेकंद. पेनानं आखलेली रेघ. किती पोचल्या, लिही.
सात नंबरातल्या अर्ध्या रस्त्यात विसरतात.
एक तर तळाशीच उभी, पुढचा पाय उचलून,
कुणीतरी हाक मारलीय
आणि आवाज कुणाचा ते आठवत असल्यासारखी.

भाऊ नोट प्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं.
भोंग्याच्या आधी सायकल फाटकात.
कोऱ्या नोटांची थप्पी अंगठ्याखालून सोडायचे,
चुकलेली एक बरोबर अडायची.
आता नोटा नाहीत. अंगठा मोजतोच आहे,
तर्जनीवर, दिवसभर, झोप लागेपर्यंत.
डॉक्टरांनी नाव सांगितलं ते हात थरथरल्यावर.
पण त्याआधी दहा वर्षं रोज रात्री इसबगोल,
आणि सकाळी दाराबाहेरून आईची कुरकुर, किती वेळ आत.
त्याच्याही आधी कधीतरी
पिकलेला पेरू नाकाशी धरून म्हणाले, कच्चा आहे.
आम्ही हसलो होतो.

मॅडमना विचारलं, मग सुरुवात पोटातूनच होते का?
सूक्ष्मदर्शकावरून मान न काढता त्या म्हणाल्या,
माशी अजून हो म्हणत नाहीये. नाहीही म्हणत नाहीये.
नऊ नंबरातल्या काल रेघेच्या जरा वर गेल्या.
उद्या पुन्हा करू.
आठ नंबरातल्या थांबतच नाहीत,
चुलीवर काही नसलेल्या घरात
कुणी येरझारा घालत राहावं, तशा.

घरी सांगितलं तर भाऊ म्हणाले,
म्हणजे एवढी वस्ती पोटात,
आणि भाडं कुणीच देत नाही!
हसताना त्यांचा चेहरा हल्ली हलत नाही.
आवाजावरून ओळखायचं.

काल रात्री मोरीच्या उंबऱ्याशी थबकले.
डोळे पलीकडे गेलेले, पावलं अलीकडे चिकटलेली.
ओढायचं नाही, असं बजावलंय.
मी चौकटीला टेकून उभी, काय करावं सुचेना,
आणि बोटं आपली सवयीनं
लाकडावर टक टक टक.

डावा पाय उचलला गेला.
मागोमाग उजवा.

आनंदाच्या आधी लाज वाटली मला,
वडिलांना नळीत घातल्याची.
ते आत पोचले, नळाला धरून सावकाश वळले,
नोट उजेडाकडे धरून पाहावी तसं
माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं,
किती सेकंद?

घड्याळ लावलंच नव्हतं मी.
आठ, म्हटलं.